शंभर कोटी डॉलरला घेतलेला वेळ

एप्रिल 2012 मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम 100 कोटी डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या कंपनीत 13 माणसं होती आणि उत्पन्न शून्य. नुसता ताळेबंद पाहिला तर हा सौदा कळत नाही. तो कळण्यासाठी फेसबुकला तेव्हा कशाची धास्ती होती, ते पाहावं लागतं.

लोक संगणक सोडून फोनकडे वळत होते. फेसबुक घडलं होतं संगणकासाठी. मोबाइलमधून म्हणावं असं उत्पन्न मिळत नाही, हे शेअर बाजारात येतानाच्या कागदपत्रांत कंपनीनेच लिहिलं होतं. इन्स्टाग्रामचा जन्मच फोनवरचा. दीड वर्षात तीन कोटी लोक तिथे आले, तेही जवळपास सगळे आयफोनवाले. अँड्रॉइडचं ॲप सौद्याच्या जेमतेम आठवडाभर आधी आलं होतं.

त्याच वर्षी, सौद्याच्या आधी फेब्रुवारीत, फेसबुकचे प्रमुख मार्क झकरबर्ग यांनी आपल्या वित्तप्रमुखांना पाठवलेले ईमेल 2020 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उघड झाले. अशा कंपन्या घेताना आपण खरं तर वेळ विकत घेतो, असं त्यांत लिहिलं आहे: दुसरा कुणी तेवढा मोठा होईपर्यंत त्यांची खुबी आपल्यात मुरवून घेता येते. या सगळ्या इतिहासात मला हाच कागद सर्वांत मोलाचा वाटतो.

पुढे 2013 मध्ये फेसबुकने ओनावो ही इस्रायली कंपनी घेतली. लोक फोनवर कोणतं ॲप किती वापरतात, हे तिच्या ॲपमधून कळायचं. व्हॉट्सॲपची झेप त्यातून दिसत होती. फेब्रुवारी 2014 मध्ये व्हॉट्सॲप घेण्याचा 1900 कोटी डॉलरचा सौदा ठरला. वापरणारे 45 कोटी, कर्मचारी 55. स्नॅपचॅटने मात्र फेसबुकचे 300 कोटी डॉलर नाकारले होते. 2016 मध्ये त्याची ‘स्टोरीज’ची, म्हणजे दिवसभरात आपोआप नाहीशा होणाऱ्या फोटो-व्हिडिओंची, कल्पना इन्स्टाग्रामवर जशीच्या तशी आली.

इन्स्टाग्रामचा सौदा मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकी नियामकाने 2012 मध्ये तपासून सोडून दिला होता. मग 2020 मध्ये त्यानेच फेसबुकवर मक्तेदारीचा खटला भरला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तो हरला. टिकटॉक आणि यूट्यूब समोर असताना आज मक्तेदारी आहे हे सिद्ध होत नाही, असं न्यायालय म्हणालं. तेरा वर्षांत बाजारच बदलून गेला होता.

भारतात अशा सौद्याची छाननी व्हावी की नाही, हे कंपन्यांची मालमत्ता आणि उलाढाल पाहून ठरत असे. उत्पन्नच नसलेली कंपनी त्या चाळणीतून सहज निसटायची. सप्टेंबर 2024 पासून सौद्याची किंमतही पाहिली जाते. ती 2000 कोटी रुपयांवर असेल आणि विकल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात भरीव व्यवसाय असेल, तर आधी स्पर्धा आयोगाकडे जावं लागतं.