रेघ वीसची, औषध आठचं

गेल्या पावसाळ्यात एका रात्री कळव्याच्या आमच्या इमारतीतले तिसऱ्या मजल्यावरचे काका दार वाजवून आले. "सिस्टर, शुगर तीनशेच्या खाली यायलाच तयार नाही हो. डॉक्टरांनी इन्सुलिन वीसचं तीस केलं, तरी तेच." पथ्य पाळणारा, वेळच्या वेळी सुई टोचून घेणारा माणूस. मी म्हटलं, सगळं सामान घेऊन या. त्यांनी स्टीलच्या डब्यातून व्हायल, म्हणजे इन्सुलिनची छोटी बाटली, आणि सिरिंज काढून टेबलावर ठेवली. सिरिंजचं टोपण नारिंगी होतं. माझ्या पोटात गोळाच आला.

आपल्याकडे व्हायलमधलं इन्सुलिन मुख्यतः ४० युनिट प्रति मिली या ताकदीचं असतं. १०० युनिटचंही मिळतं, इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये तर बहुतेक तेच. सिरिंजवरच्या रेघा त्या त्या ताकदीप्रमाणे आखलेल्या असतात: लाल टोपण ४० साठी, नारिंगी १०० साठी. काकांची जुनी सिरिंज संपली होती, दुकानातून नवीन आणली ती नारिंगी. व्हायल मात्र ४० चीच. १०० च्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे ०.२ मिली. त्यात ४० च्या इन्सुलिनचे युनिट किती? ०.२ गुणिले ४०, म्हणजे फक्त ८. काका रोज वीस घेतोय समजून आठ घेत होते. डोस वाढवल्यावर तीसच्या रेघेला बारा.

मग लाल टोपणाची सिरिंज आणायची आणि तीस घ्यायचे, एवढंच ना? मुळीच नाही. शरीराला बारा मिळत होते, ते एका रात्रीत तीस झाले असते. डॉक्टरांनी वाढवलेला डोस त्या चुकीच्या रेघेवर उभा होता. म्हणून आधी त्यांना फोन केला. त्यांनी पुन्हा वीसवर आणलं आणि शुगर दिवसातून चारदा तपासायला सांगितलं. उलटी चूक तर याहून वाईट. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट आत जातात. घाम, थरथर, आणि वेळेत साखर मिळाली नाही तर माणूस बेशुद्ध.

ठाण्यात बरीच वर्षं वॉर्ड ड्युटी केली, आता नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते. गुणाकार-भागाकार त्यांना येतो. घसरतात ते इथे: औषधाचं वजन वेगळं आणि ते ज्या पाण्यात आहे त्याचं माप वेगळं, हे हात घाईत विसरतो. सूत्र साधंच आहे. जेवढं हवं, त्याला जेवढं बाटलीत आहे त्याने भागायचं आणि ते जितक्या मिलीत आहे त्याने गुणायचं. १२ किलोच्या बाळाला तापासाठी डॉक्टरांनी किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल लिहिलं, तर एका वेळी १८० मिलिग्रॅम. ५ मिलीत २५० असलेल्या सिरपचे ३.६ मिली, ५ मिलीत १२० असलेल्याचे साडेसात मिली, आणि एका मिलीत १०० असलेल्या थेंबांच्या बाटलीतून जेमतेम १.८ मिली. बाळ तेच, ताप तोच, औषधही तेच. म्हणून "एक चमचा दे" असं कोणी आईने शेजारणीला सांगितलं की मला राहवत नाही. कोणत्या बाटलीचा चमचा? आणि स्वयंपाकघरातला चमचा ५ मिलीचा असेलच असं नाही, बाटलीसोबतचं मापच वापरा.

सलाईनचं गणित मला सगळ्यात आवडतं, कारण ते घड्याळासमोर उभं राहून करायचं असतं. नेहमीच्या ड्रिप सेटमधून २० थेंबांचा एक मिली होतो. ५०० मिली ४ तासांत द्यायचं, तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. मुलांसाठीच्या मायक्रो सेटचा थेंब बारीक, ६० थेंबांचा एक मिली. तासात मिनिटंही ६०. त्यामुळे तासाला ४० मिली हवे असतील तर मिनिटाला थेंबही ४०, भागाकाराची गरजच नाही. हा मेळ विद्यार्थ्यांना कळतो तेव्हा त्यांचे चेहरे उजळतात. पण सेटचं पाकीट न वाचता मोठ्या सेटवर तेच ४० थेंब सोडले, तर तासाला १२० मिली जातात. लहान बाळाला तिप्पट पाणी.

लिहिण्यातही सांभाळावं लागतं. ५.० मधला टिंब पुसट झाला की ५० वाचलं जातं, म्हणून पूर्ण आकड्यापुढे शून्य नको. अर्ध्याला मात्र ०.५ असंच लिहायचं, नुसतं .५ नाही. युनिटसाठी घाईत लिहिलेलं इंग्रजी 'यू' शून्यासारखं दिसतं आणि ४ युनिटचे ४० होतात, म्हणून अख्खा शब्द लिहायचा.

इन्सुलिन, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन, पोटॅशियम यांसारख्या औषधांचं गणित दोन सिस्टर वेगवेगळं करतात. दुसरीला पहिलीचं उत्तर आधी सांगायचं नसतं. "दीड मिली बरोबर ना गं?" असं विचारलं की रात्री तीनला दमलेली मैत्रीण हो म्हणून मोकळी होते. केस पेपर आणि व्हायल तिच्या हातात द्यायची आणि गप्प उभं राहायचं.

काकांच्या डब्यात आता लाल टोपणाच्याच सिरिंज आहेत. झाकणावर काकूंनी लाल नेलपॉलिशने ४० लिहून ठेवलंय, आणि नवीन पाकीट आणलं की आधी टोपण त्या आकड्याशेजारी धरून बघतात.