पोकळीतून पदार्थ: लेसर आणि इलेक्ट्रॉनच्या टकरीमागची नव्वद वर्षे

रिकाम्या पोकळीतून पदार्थ निर्माण होऊ शकतो, हे भाकीत लेसरपेक्षा बरेच जुने आहे. १९३१ मध्ये फ्रिट्झ साउटर यांनी आणि १९३६ मध्ये हायझेनबर्ग व ऑयलर या भौतिकशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. विद्युतक्षेत्र मीटरला सुमारे १.३ अब्ज अब्ज व्होल्टपर्यंत पोचले, की पोकळीतून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा कण) यांच्या जोड्या बाहेर पडू लागतात. १९५१ मध्ये श्विंगर यांनी हे गणित पक्के केले आणि ही मर्यादा त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांचे केंब्रिजमधले काम त्याच १९३६ साली प्रसिद्ध झाले: इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले की कसे विखुरतात, त्याचे गणित. पॉझिट्रॉन सापडून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती! ‘भाभा स्कॅटरिंग’ आजही कण-टक्करयंत्रांत मोजमापाचा आधार आहे.

लेसर आला १९६०मध्ये. १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी लेसरची पल्स, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत, आधी ताणायची, मग तिची ऊर्जा वाढवायची आणि शेवटी ती पुन्हा दाबायची, ही युक्ती काढली. लेसरची ताकद झपाट्याने वाढली, तरी श्विंगर मर्यादा आवाक्याबाहेरच राहिली.

वाट काढली ती इलेक्ट्रॉनने, आणि माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे. प्रकाशाच्या वेगाला भिडलेला इलेक्ट्रॉन लेसरच्या समोरून आला, तर त्याच्या दृष्टीने लेसरचे तेच विद्युतक्षेत्र लाखपटीहून अधिक तीव्र असते. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक या कणत्वरक प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात ई-१४४ प्रयोगाने नेमके हेच केले. ४६.६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट इतक्या प्रचंड ऊर्जेचे इलेक्ट्रॉन टेरावॅट (लाख कोटी वॅट) लेसरच्या हिरव्या प्रकाशावर सोडले. एरवी मर्यादेच्या काही लाख पट खाली असलेले क्षेत्र इलेक्ट्रॉनला तिच्या जवळपास तृतीयांश भासले. टकरीतून गॅमा फोटॉन, म्हणजे अतिऊर्जावान प्रकाशकण, निघाले. ते लेसरच्या एकाच वेळी अनेक फोटॉनांवर आदळले आणि पॉझिट्रॉन जन्मले. हजारो टकरींतून मिळाले ते शंभरेक, पण ते नक्की प्रकाशापासूनच घडलेले होते. १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पुढे लेसर स्वतःच इलेक्ट्रॉनांना वेग देऊ लागला. ब्रिटनच्या जेमिनी लेसरवर एका पल्सने इलेक्ट्रॉन पळवायचे आणि दुसरी त्यांच्यावर सोडायची, असे प्रयोग झाले. प्रारण फेकताना इलेक्ट्रॉनला बसणाऱ्या उलट झटक्याचे पुरावे त्यांतून २०१८ मध्ये समोर आले.

कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) जी. रवींद्र कुमार यांच्या गटाचे काम याच्या शेजारचे आहे: फेमटोसेकंद (सेकंदाचा अब्जांशाचा दशलक्षांश) इतक्या अल्प काळाच्या पल्स घन पदार्थावर मारून तयार होणारा प्लाझ्मा, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉन-आयनांचा तप्त वायू, आणि त्यातली प्रचंड चुंबकीय क्षेत्रे. अशा तीव्र पल्स हाताळणारे हात मुंबईत घडले आहेत, ही भाभांच्या संस्थेची मोठी कमाई आहे. जर्मनीत डेझी या प्रयोगशाळेचा लक्स आणि स्लॅकचाच ई-३२० हे प्रकल्प आता ई-१४४च्या पुढच्या तीव्रतेत उतरण्यासाठी आखले आहेत.