६५-७ नंतरचे दोन आवाज: प्रतिस्पर्ध्याचा आनंद आणि पात्रतेचा निकाल

९ जानेवारी २०२३ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवुडमध्ये, सोफाय स्टेडियमवर, अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलचा अंतिम सामना झाला. जॉर्जिया विद्यापीठ ६५, टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी म्हणजे टीसीयू ७. मध्यंतरालाच ३८-७ झालं होतं. टीसीयूचं एकुलतं एक टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) पहिल्याच क्वार्टरमध्ये आलं, मॅक्स डगननं चेंडू घेऊन स्वतः धाव मारली तेव्हा. त्यानंतर शेवटपर्यंत त्यांच्या खात्यात एकही गुण पडला नाही. जॉर्जियाच्या स्टेट्सन बेनेटनं एकट्यानं सहा टचडाउन केले, चार पास देऊन आणि दोन स्वतः धावून. राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात ५८ गुणांचा फरक त्याआधी कधीच पडला नव्हता.

या निकालावर दोन प्रतिक्रिया आल्या आणि त्या इतक्या एकमेकींत मिसळल्या की आजही लोक त्यांना एकच समजतात. पहिली टेक्सासमधल्या प्रतिस्पर्धी विद्यापीठांच्या चाहत्यांची: वेकोचं बेलर, डॅलसचं एसएमयू म्हणजे सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी, ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ. ते लोक खूश होते, उघडपणे खूश होते. दुसरी प्रतिक्रिया मुख्यतः आग्नेय अमेरिकेतली, विशेषतः अलाबामाच्या बाजूची: टीसीयूची तिथवर जायची लायकीच नव्हती, त्यांची जागा दुसऱ्या कुणाला मिळायला हवी होती. दोन्हीकडे पुरावा म्हणून तोच आकडा पुढे केला जात होता, दोन्हीकडे हसू होतं. माझ्या मते मात्र पहिली गोष्ट खेळाला जिवंत ठेवणारी आहे आणि दुसरी एक चुकीचा युक्तिवाद आहे.

आधी पहिलीकडे पाहू, कारण तिच्यामागे फार जुना इतिहास आहे.

बेलर आणि टीसीयू १८९९ पासून एकमेकांशी खेळतात. त्या काळात दोन्ही संस्था वेको या एकाच गावात होत्या. १९१० साली टीसीयूच्या मुख्य इमारतीला आग लागली आणि संस्था सुमारे दीडशे किलोमीटर उत्तरेला फोर्ट वर्थला गेली. एक बाप्टिस्ट पंथाची, दुसरी डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट या पंथाशी जोडलेली, दोन्ही खासगी, दोन्ही आकारानं लहान. आपल्याकडे भावकीत असतं तसं हे वैर आहे, बांधाला बांध लागून असल्यानं वाढलेलं.

मग १९९६ साल आलं. जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठ संघांची प्रादेशिक साखळी, मोडली. टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक आणि बेलर यांना नव्या बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्समध्ये जागा मिळाली. टीसीयू, एसएमयू, राइस आणि ह्यूस्टन बाहेर राहिले. हा निर्णय झाला तेव्हा टेक्सासच्या गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स होत्या आणि त्या बेलरच्या माजी विद्यार्थिनी. राजकारणामुळे बेलर आत गेलं आणि आपण बाहेर पडलो, हा सल फोर्ट वर्थमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. टीसीयूला बिग ट्वेल्व्हमध्ये यायला २०१२ साल उजाडलं.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, बेलरनं चौथ्या क्वार्टरमध्ये ५८-३७ असं मागे असताना सामना ६१-५८ असा फिरवला. हंगामाच्या शेवटी दोघांना बिग ट्वेल्व्हचे संयुक्त विजेते म्हटलं गेलं आणि चार संघांच्या पहिल्यावहिल्या प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत, दोघांनाही जागा मिळाली नाही. टीसीयू तर निवड समितीच्या क्रमवारीत तिसऱ्या क्रमांकावर होतं, शेवटचा सामना ५५-३ असा जिंकलं आणि तरीही सहाव्या क्रमांकावर घसरलं.

आता १९ नोव्हेंबर २०२२ कडे या. वेकोत, बेलरच्या घरच्या मैदानावर, टीसीयू दोन गुणांनी मागे आहे आणि हातात एकही टाइमआउट उरलेला नाही. घड्याळ चालू असताना किक मारणारी तुकडी धावत मैदानात येते, रांग कशीबशी लागते आणि ग्रिफिन केल ४० यार्डांवरून तीन गुणांचा फील्ड गोल मारतो. २९-२८. वेळ संपलेली. बेलरच्या ज्या माणसानं हे त्या दिवशी स्टेडियमच्या पायऱ्यांवर उभं राहून पाहिलं, त्याला सात आठवड्यांनी ६५-७ पाहून आनंद झाला असेल तर त्याबद्दल त्याला दोष कोण देणार? एसएमयूच्या चाहत्यांचं दुःख वेगळं होतं. टीसीयूचे प्रशिक्षक सनी डाइक्स आदल्या हंगामापर्यंत त्यांचे होते. ते चाळीस मैलांवरच्या प्रतिस्पर्ध्याकडे गेले आणि पहिल्याच वर्षी डॅलसमध्ये येऊन ४२-३४ असे जिंकून गेले. टेक्सास विद्यापीठालाही टीसीयूनं त्यांच्याच मैदानावर १७-१० असं हरवलं होतं.

या आनंदाचं एक वैशिष्ट्य नीट पाहण्यासारखं आहे. समोरचा मोठा असल्याशिवाय तो होतच नाही. टीसीयू पाच विजय, सात पराभव असं हरत राहिलं असतं (२०२१ मध्ये ते तसंच हरले होते) तर त्यांच्या पराभवावर कुणी रात्रभर जागलं नसतं. हंगामापूर्वीच्या अंदाजात बिग ट्वेल्व्हमध्ये सातव्या जागी धरलेला संघ अंतिम सामन्यात पोहोचला, म्हणून तर त्याचं पडणं इतकं गोड लागलं. बेलरचा चाहता टीसीयूवर हसतो तेव्हा तो नकळत त्यांची उंची मान्य करत असतो. आणि पुढच्या वर्षी त्यांनी खेळू नये असं त्याला मुळीच वाटत नाही. त्याला ते पुन्हा समोर हवे असतात, आपल्या मैदानावर, नोव्हेंबरच्या शनिवारी.

म्हणूनच बेलरचा माणूस जेव्हा दुसऱ्या बाजूचं वाक्य उचलतो आणि ‘यांची लायकीच नव्हती’ म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या संघाचं नुकसान करतो. ज्यांची लायकी नव्हती त्यांच्याकडून आपण २९-२८ असे हरलो, मग आपण कोण? कॅन्सस स्टेटच्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी बिग ट्वेल्व्हच्या अंतिम सामन्यात टीसीयूला जादा वेळेत ३१-२८ असं हरवलं होतं. टीसीयूची किंमत जितकी, तितकी त्या विजयाची किंमत.

दुसरी गोष्ट म्हणजे पात्रतेचा निकाल. इथे भावनेचा प्रश्न नाही, हा दावा आहे, आणि दाव्याला पुरावा लागतो. दावा प्लेऑफचे संघ ठरवणाऱ्या निवड समितीबद्दलचा आहे. ४ डिसेंबर २०२२ ला तेरा जणांच्या समितीनं चार संघ निवडले: जॉर्जिया १३-० (तेरा विजय, शून्य पराभव), मिशिगन १३-०, टीसीयू १२-१, ओहायो स्टेट ११-१. अलाबामा १०-२ असं पाचव्या क्रमांकावर राहिलं. टेनेसीकडून ५२-४९ आणि लुइझियाना स्टेटकडून ३२-३१, दोन्ही पराभव अगदी थोडक्यात आणि परक्या मैदानावर. प्रशिक्षक निक सेबन आदल्या रात्री टीव्हीवर येऊन आपल्या संघाची बाजू मांडून गेले होते. आमच्याशी खेळताना यातल्या कुणाला वरचढ मानलं जाईल, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

या बाजूला जे बळ आहे ते मान्य करायला हवं. ज्या कॅन्सस स्टेटनं टीसीयूला हरवलं, त्याच संघाला अलाबामानं ३१ डिसेंबरला शुगर बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात ४५-२० असं हरवलं. नऊ दिवसांनी ६५-७ आलं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की निष्कर्ष आपोआप निघाल्यासारखा वाटतो, आणि अनेक सुजाण लोकांनाही तो तसाच वाटला.

पण त्याच ३१ डिसेंबरला, अ‍ॅरिझोनात फिएस्टा बोलमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या उपांत्य सामन्यात, टीसीयूनं मिशिगनला ५१-४५ असं हरवलं. मिशिगन तोवर एकही सामना हरलं नव्हतं आणि बहुतेकांच्या मते तेच जिंकणार होते. टीसीयूनं त्यांचे दोन पास मधल्यामध्ये पकडून थेट टचडाउनपर्यंत नेले. अंतिम सामन्यातली जागा समितीनं टीसीयूच्या हातात ठेवलेली नव्हती, ती त्यांनी मैदानात मिळवली. ‘लायकी नव्हती’ हे वाक्य खरं मानायचं तर आधी मिशिगनचीही लायकी नव्हती असं म्हणावं लागेल, आणि ते म्हणायला कुणीच तयार नसतं.

शिवाय समितीनं उत्तर द्यायचं होतं ते डिसेंबरच्या प्रश्नाचं: आतापर्यंतच्या खेळावरून कोणते चार? जानेवारीतला गुणफलक त्या प्रश्नाचा पुरावा होऊ शकत नाही. आणि झालाच तर तो सगळ्यांना सारखा लागू व्हायला हवा. जानेवारी २०१९ च्या अंतिम सामन्यात क्लेमसननं अलाबामाला ४४-१६ असं चिरडलं. तेव्हा अलाबामाला तिथे बोलवायला नको होतं, असं कोण म्हणालं? जानेवारी २००७ मध्ये अपराजित, पहिल्या क्रमांकाचं ओहायो स्टेट फ्लोरिडाकडून ४१-१४ असं हरलं. तेव्हा लोक म्हणाले, वाईट रात्र होती. मोठ्या नावाच्या वाट्याला वाईट रात्र येते आणि लहान नावाच्या वाट्याला अपात्रता. मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

क्रिकेट पाहणाऱ्याला हे पटकन कळेल. सप्टेंबर २०२३ च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात श्रीलंका ५० धावांत गारद झाली, सिराजनं २१ धावांत सहा बळी घेतले. पण त्याच श्रीलंकेनं काही दिवसांपूर्वी पाकिस्तानला अखेरच्या चेंडूवर हरवून ती जागा घेतली होती. अंतिम फेरीत पाकिस्तानच हवा होता, असा त्या ५० धावांचा अर्थ होत नाही.

मग ६५-७ नं सिद्ध काय झालं? त्या रात्री जॉर्जिया सर्व अंगांनी सरस होतं, एवढं नक्की. त्यामागची कारणं उघड आहेत. २०२२ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या वार्षिक खेळाडू निवडीत, जॉर्जियाचे १५ खेळाडू निवडले गेले, सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमध्ये एका विद्यापीठाचे एवढे खेळाडू त्याआधी कधी गेले नव्हते, आणि इतके जाऊनही त्यानंतरच्या २०२२ च्या हंगामात संघ अपराजित राहिला. अशा ताकदीची राखीव फळी देशात फार थोड्यांकडे आहे. सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांच्या टीसीयूकडे ती नव्हती. पण याच जॉर्जियाला नऊ दिवस आधी दुसऱ्या उपांत्य सामन्यात ओहायो स्टेटनं ४२-४१ पर्यंत आणलं होतं आणि शेवटची किक सरळ गेली असती तर जॉर्जिया बाहेर होतं.

पुढच्याच वर्षी दोन्ही गोष्टींची गल्लत आणखी वाढली. फ्लोरिडा स्टेट १३-० असं अपराजित असूनही वगळलं गेलं, कारण त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास देणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी होता. ती जागा अलाबामाला मिळाली. मग ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियानं फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असं हरवलं आणि ५८ गुणांचा तो जुना फरकही मागे पडला. मायामी आणि फ्लोरिडा या प्रतिस्पर्धी विद्यापीठांचे चाहते हसले, तो त्यांचा हक्क होता. पण ‘बघा, समिती बरोबर होती’ असं म्हणणाऱ्यांनी हे सांगितलं नाही की फ्लोरिडा स्टेटचे वीसहून अधिक खेळाडू त्या सामन्यात उतरलेच नव्हते.

गप्पांत हे दोन आवाज वेगळे ओळखायचे असतील तर बोलणाऱ्याला काय बदलून हवं आहे ते विचारावं. प्रतिस्पर्ध्याला काहीच बदलायचं नसतं, त्याला फक्त आजची रात्र हवी असते. निकाल देणाऱ्याला यादी बदलायची असते, आणि यादीतून नाव काढायचं असतं ते नेहमी लहान संघाचं.

२०२४ पासून प्लेऑफ बारा संघांचा झाला आणि हीच गोष्ट एसएमयूच्या वाट्याला आली. ९-३ अशा अलाबामाला बाजूला ठेवून समितीनं एसएमयूला घेतलं आणि २१ डिसेंबरला ते पेन स्टेटमध्ये ३८-१० असे हरले. लगेच तोच निकाल ऐकू आला. त्याच दिवशी अलाबामाच्याच कॉन्फरन्समधलं टेनेसी ओहायो स्टेटकडून ४२-१७ असं हरलं, फरक जवळजवळ तितकाच, पण टेनेसीच्या पात्रतेवर तसं बोट फारसं कुणी ठेवलं नाही. फोर्ट वर्थमध्ये मात्र एसएमयूवर हसणारे बरेच असतील आणि त्यांच्याकडे कारणही होतं. तीनच महिन्यांपूर्वी डॅलसमध्ये एसएमयूनं टीसीयूला ६६-४२ असं हरवलं होतं आणि त्या सामन्यात पंचांनी डाइक्स यांना मैदानाबाहेर काढलं होतं.

टीसीयू आणि एसएमयू १९१५ पासून खेळतात. विजेत्याला लोखंडी तवा मिळतो, म्हणून या सामन्याला ‘आयर्न स्किलेट’ म्हणतात. टीसीयूनं ही मालिका २०२५ नंतर पुढे न नेण्याचं ठरवलं. त्या वर्षीचा सामना टीसीयूनं ३५-२४ असा जिंकला. मला हा निर्णय पटलेला नाही. दोन्ही विद्यापीठांनी पुन्हा बसून किमान एक वर्षाआड तरी हा सामना वेळापत्रकात आणावा, आणि निवड समितीनंही असे जुने सामने अंगावर घेणाऱ्या संघांना क्रमवारीत त्याचं श्रेय द्यावं.