पेटंट टाकायचंय? मग पोस्टर नंतर लावा

फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यातल्या कॉलेजांत प्रोजेक्टची प्रदर्शनं होतात आणि एप्रिलमध्ये तीच मुलं विचारत येतात, पेटंट कसं टाकायचं. मागे एक ग्रुप पुरंदरच्या अंजिरांचं खोकंच घेऊन आला, डावीकडच्यांना पाणी सुटलेलं, उजवीकडच्यांना कोरफडीच्या जेलचा थर आणि ती अजून टणक. काम झकास होतं. पण जेलचं प्रमाण, तापमान, सगळं पोस्टरवर आधीच छापून झालेलं, वर फोटोही नेटवर.

इथेच निम्मे अर्ज मरतात. एकदा जगाला सांगितलं की नावीन्य संपलं. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे असं कुणीतरी सांगतं, ते खरंय, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनाला किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेल्या पेपरला, कॉलेजच्या हॉलमधल्या टेबलाला नाही. पीएचडीवाल्यांनी तर जास्तच सांभाळा, प्रबंध शोधगंगावर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, चढला की तोही जाहीरच. म्हणून आधी प्रोव्हिजनल, म्हणजे पूर्ण तपशिलाआधीचा तात्पुरता, अर्ज टाका, भले प्रयोग अर्धवट असू देत.

आता तारखांचा घोळ. प्रोव्हिजनलनंतर पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यायचा, ही मुदत वाढत नाही, कितीही अर्ज-विनंत्या करा. तपासणीची मागणी म्हणजे फॉर्म १८ वेगळा, त्याला पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिने. आधी ४८ होते, मार्च २०२४ मध्ये नियम बदलले, पण कॉलेजांतल्या माहितीपत्रकात अजून ४८च छापतात आणि मुलं बिचारी निवांत बसतात.

कोण अर्ज करू शकतं? शोध लावणारे स्वतः, किंवा त्यांनी हक्क दिला असेल तर कॉलेज. व्यक्ती, स्टार्टअप, शिक्षणसंस्था यांना ऑनलाइन अर्जाची फी १६०० रुपये, फॉर्म १८ ची ४०००. या सवलतीच्या फीसाठी संस्थेला फॉर्म २८ आणि पुरावा जोडावा लागतो, व्यक्तीला नाही. प्रायोजक म्हणून मोठी कंपनी सहअर्जदार घेतली की १६०० चे थेट ८००० होतात, हे आधी कुणीच सांगत नाही. पुण्याचे अर्ज मुंबई ऑफिसकडे असतात, पण सगळं ऑनलाइन होतं, खेपा घालायची गरज नाही.

कॉलेज अर्जदार असेल तर खरा त्रास सह्यांचा. फॉर्म १ म्हणजे मुख्य अर्ज, त्यावर सगळ्या शोधकांच्या सह्या लागतात, नाहीतर हक्क दिल्याचा वेगळा कागद, आणि तो अर्ज टाकल्यापासून ६ महिन्यांत. चौघांपैकी एक बंगळुरूला, एक जर्मनीत, तिसरा फोन उचलत नाही. सबमिशनच्या दिवशी सगळे एका खोलीत असतात ना, तेव्हाच सह्या घेऊन टाका.

फळं, पानं, काढे असं काही वापरणाऱ्यांनी फॉर्म १ मधलं जैविक साधनसामग्रीचं विधान नीट वाचा. भारतातलं साहित्य असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते, पेटंट मिळायच्या आधी. अर्ज टाकायला ती अडत नाही, त्यामुळे सगळे विसरतात आणि शेवटी तिथेच गाडी अडते. शिवाय कोरफड अधिक लिंबू एवढंच लिहिलं तर कशाला पेटंट नाही ते सांगणाऱ्या कलम ३ च्या (ई) खाली 'नुसतं मिश्रण' म्हणून आक्षेप येतोच. एकट्या कोरफडीचा निकाल, एकट्या लिंबाचा, आणि दोन्ही मिळून त्या बेरजेपेक्षा जास्त, असे तिन्ही आकडे हवेत. आजीच्या बटव्यातलं असेल तर ३ (पी) आहेच, पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाही.

मुलांच्या शिकण्याच्या ॲपवाल्यांना ३ (के) आडवं येतं, नुसत्या प्रोग्रॅमला पेटंट नाही. खेळाची किंवा शिकवण्याची रीत ३ (एम) मध्ये अडकते. एका ग्रुपने अक्षरांचे लाकडी ठोकळे आणि ते ओळखणारा सेन्सरचा पाट केला होता, पण दाव्यांत, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते लिहायच्या भागात, मात्र 'मुलांना गोडी लागते' हेच तीनदा! अरे, सेन्सर ठोकळा कसा ओळखतो ते लिहा ना.

बाकी फॉर्म ३, ५ भरायला तासभर पुरतो. तपासणीचा अहवाल आला की उत्तराला ६ महिने, नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. आणि तो अहवाल कुठे जातो, तर अर्जात दिलेल्या कॉलेजच्या त्या ईमेलवर, ज्याचा पासवर्ड रिटायर झालेल्या सरांनाच माहीत. स्वतःचा ईमेलही द्या.