रंध्याने जन्माला घातलेले मेज

सुतारकामाचे जुन्या पद्धतीचे मेज स्वतः करायला निघालेला माणूस पहिल्याच दिवशी कोड्यात पडतो. मेजाच्या फळीला रंधा मारायचा तर ती पक्की धरायला मेज हवे, आणि तेच तर अजून व्हायचे आहे. जुने सुतार हे कोडे दोन घोड्यांवर, म्हणजे लाकडी तिवयांवर, सोडवत. सहा इंच जाडीची फळी घोड्यांवर आडवी टाकली की स्वतःच्या वजनानेच ती जागची हलत नाही. हत्यारेही मोजकीच लागतात: करवत, एक आखूड आणि एक लांब रंधा, पटाशी, लाकडी हातोडा, भोक पाडायचे गिरमिट, काटकोन पाहायचा गुण्या, कडेला समांतर रेघ आखायची खतावणी. यातला रंधा सर्वात महत्त्वाचा, कारण मेजाची गरज मुळात त्यानेच निर्माण केली.

वाकसाने, म्हणजे आडव्या पात्याच्या कुऱ्हाडीने, लाकूड तासायचे तर ते पायाखाली दाबून धरले तरी भागते. रंध्याचे तसे नाही. पुढे ढकलायचा रंधा फळीलाही पुढे रेटतो. तिला खालून सपाट आधार आणि समोरून अडण हवी, नाहीतर ती निसटते. रोमन सुतारांकडे रंधे होते. पॉम्पेईच्या उत्खननात ते सापडले आहेत. जर्मनीतल्या सालबुर्ग या रोमन लष्करी ठाण्याच्या विहिरीतून तर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरचे सुतारी बाक निघाले. ते जेमतेम गुडघ्याएवढे उंच आहेत, म्हणजे सुतार त्यावर बसूनही काम करू शकत असे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियममधल्या एका भित्तिचित्रात दोन पंखवाली मुले बाकावर फळी कापताना दिसतात, आणि बाकाच्या भोकात एक लोखंडी आकडा अडकवलेला आहे.

हा आकडा जरा जवळून पाहण्यासारखा आहे. वाकवलेली लोखंडी कांब, बस. तिचा दांडा मेजाच्या भोकापेक्षा किंचित बारीक असतो. वाकलेले टोक लाकडावर टेकवून डोक्यावर हातोडीचा एक टोला दिला की दांडा भोकात तिरका होऊन आवळतो आणि लाकूड जखडले जाते. सोडवायचे तर मागून एक टोला. ना मळसूत्र, ना फिरणारा भाग. मळसूत्राने लाकूड आवळून धरणारा शेगडा पुष्कळ उशिरा आला. न्यूरेंबर्गच्या लोफेलहोल्त्सच्या १५०५ सालच्या सचित्र हस्तलिखितातल्या मेजाला तो दिसतो.

आज ‘पारंपरिक मेज’ म्हटले की बहुतेक हौशी सुतारांच्या डोळ्यांपुढे येते ते पॅरिसच्या आंद्रे-जाकोब रुबो (१७३९–१७९१) याचे मेज. रुबो स्वतः कसबी सुतार होता. फ्रेंच विज्ञान अकादमीने निरनिराळ्या धंद्यांची वर्णने ग्रंथरूपाने काढायला घेतली, त्यात लाकूडकामाचा ग्रंथ या हत्यार चालवणाऱ्या माणसाने लिहिला. १७६९ ते १७७५ या काळात तो भागाभागाने निघाला. त्यातल्या चित्रांतली कितीतरी त्याने स्वतः काढली. पुढे पॅरिसच्या धान्यबाजारावरचा प्रचंड लाकडी घुमटही त्याने उभारला. १८०२ मध्ये तो घुमट जळून गेला. ग्रंथ मात्र उरला.

रुबोच्या मेजाचा सपाटा म्हणजे पाच-सहा इंच जाडीची एकच फळी. पाय फळीच्या पुढच्या कडेशी अगदी एका पातळीत, म्हणजे लांब फळी कडेवर उभी करून थेट पायांना टेकवता येते. पायांची टोके फळीतून आरपार वर येतात, आणि प्रत्येक पायाला पुढे डोव्हटेल (पारव्याच्या शेपटीसारखी पसरट खाच) व मागे कुसू (भोकात बसणारी लाकडी जीभ) असा दुहेरी जोड असतो. या जोडात जराशी चूक झाली तर ती सपाट्यावर आयुष्यभर दिसत राहते. माझ्या मते कसोटी लागते ती इथेच. बाकी सगळा अंगमेहनतीचा भाग.

फळी पिळलेली आहे की नाही हे पाहायला फक्त दोन सरळ पट्ट्या लागतात. दोन्ही टोकांवर एकेक आडवी ठेवायची आणि एक डोळा मिटून त्यांच्या वरच्या कडा एका रेषेत पाहायच्या. कडा समांतर दिसल्या नाहीत तर उंच कोपऱ्यावर रंधा चालवायचा. पायांमधले आडवे दांडेही सरसाच्या भरवशावर ठेवत नाहीत. कुसवातले भोक पायातल्या भोकापेक्षा दीड-दोन मिलिमीटर खांद्याकडे, म्हणजे कुसवाच्या मुळाकडे, सरकवून पाडतात, आणि मग लाकडी खुंटी ठोकली की तीच जोड आवळत नेते.

इंग्लंडमध्ये वेगळा नमुना रुजला. पीटर निकल्सनच्या १८१२ च्या पुस्तकात तो आहे: सपाटा पातळ आणि बाजूला रुंद फळ्या ठोकलेल्या. त्याला लाकूड कमी लागते आणि खर्चही कमी येतो.

आपल्याकडचा बलुतेदार सुतार नांगर, औत, बैलगाडी करायचा. ते काम वाकस आणि किकरे या पटाशीसारख्या हत्याराचे होते. तो जमिनीवर बसून, पायाच्या बोटांत लाकूड धरून, सामत्याने, म्हणजे दोरीच्या धनुकलीने फिरवायच्या हत्याराने, भोक पाडी. यात मागासलेपण पाहणाऱ्यांनी कामाचा प्रकार पाहिलेला नसतो. नांगराच्या बाकदार लाकडाला उंच सपाट मेजाचा उपयोगच काय? हत्यारांची नावे मात्र देवाणघेवाणीची साक्ष देतात. ‘रंधा’ फारसीतून आला, ‘गिरमिट’ इंग्रजी गिमलेटवरून. (फिजीला गेलेल्या मजुरांचे गिरमिट निराळे, ते ‘अ‍ॅग्रीमेंट’चे.) उभ्याने काम करायचे मेज आणि त्याला जोडलेला शेगडा इंग्रजी अमदानीतल्या कारखान्यांमधून आणि तांत्रिक शाळांमधून इथे रुळला.

आता नव्या फ्लॅटमध्ये फर्निचरच्या कामाला आलेले सुतार सामान उतरवले की सगळ्यात आधी प्लायवुडचे एक ओबडधोबड मेज ठोकतात. त्याच्या पोटात कटर उलटा बसवतात, पाते वरच्या फटीतून बाहेर काढतात, आणि कडेला सरळ पट्टी लावून प्लाय पुढे सरकवू लागतात. काम संपले की मेज मोडून त्याचाही प्लाय कुठल्यातरी कपाटाच्या पाठीला लावून टाकतात.