फळ्यावरची मुलाखत

सॉफ्टवेअर अभियंत्याची निवड करताना उमेदवाराला परीक्षकांदेखत फळ्यावर प्रोग्राम लिहायला लावण्याची पद्धत. हल्ली फळ्याऐवजी बहुधा व्हिडिओ कॉलवर दोघांना दिसणारा पडदा असतो, पण 'व्हाइटबोर्ड राउंड' हे नाव टिकून आहे.

उगम : प्रोग्रामर निवडण्यासाठी आयबीएमने साधारण १९५० च्या दशकात लेखी कलचाचणी आणली. तीत अंकमालिका, आकृत्यांमधील साम्य आणि अंकगणित असे. प्रोग्राम लिहायचा नसे. पुढे मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींतली कोडी गाजली, उदा., मॅनहोलची झाकणे गोल का असतात? फळ्यावरची मुलाखत ही या कोड्यांचीच पुढची पायरी, असे मानण्याकडे कल दिसतो. मात्र कोडी निरुपयोगी असल्याचे गूगलचे तत्कालीन मनुष्यबळ प्रमुख लॅस्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितले, कोडी मागे पडली आणि फळा तसाच राहिला. त्यामुळे विद्यापीठातील तोंडी परीक्षेशी या मुलाखतीचे नाते जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. दोन्हींत उत्तराइतकेच मोठ्याने विचार करून दाखवण्याला महत्त्व असते.

फिझबझ : चाळणीसाठी विचारला जाणारा प्रसिद्ध प्रश्न. भागाकार शिकवणाऱ्या इंग्रजी बालखेळावरून इम्रान घोरी यांनी २००७ मध्ये तो सुचवला. ब्लॉगलेखक जेफ अ‍ॅटवुड यांच्या लेखनामुळे त्याचा प्रसार झाला. १ ते १०० आकडे छापायचे. ३ ने भाग जाणाऱ्या आकड्याऐवजी 'फिझ', ५ ने जाणाऱ्याऐवजी 'बझ', दोन्हींनी जाणाऱ्याऐवजी 'फिझबझ'. 'इफ-एल्स'च्या, म्हणजे 'असे असेल तर हे, नाहीतर पुढची अट पाहा' अशा साखळीत ३ ची अट आधी लिहिली, की १५ वर नुसते 'फिझ' छापले जाते आणि शेवटची, १५ ची अट कधीच खरी ठरत नाही. म्हणून १५ ची अट सर्वांत वर हवी. संगणकावर ही चूक एकदा चालवताच दिसते. फळ्यावर चालवून पाहण्याची सोय नाही, आणि राहिलेली ओळ मध्ये घालायची तर खालचे सगळे पुसावे लागते. सराव केलेले उमेदवार यासाठी ओळींमध्ये हातभर जागा सोडतात.

आक्षेप : मॅक संगणकावर सॉफ्टवेअर बसवण्याचे साधन असलेल्या 'होमब्रू'चे निर्माते मॅक्स हॉवेल यांना गूगलने २०१५ मध्ये नाकारले. द्विमान वृक्ष (बायनरी ट्री, प्रत्येक गाठीला जास्तीत जास्त दोन शाखा असलेली माहितीची मांडणी) उलटवणे, म्हणजे प्रत्येक गाठीच्या डाव्या-उजव्या शाखांची अदलाबदल करणे, फळ्यावर जमले नाही म्हणून नकार मिळाल्याचे त्यांनी लिहिले आणि मोठा वाद पेटला. नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांचा २०२० चा अभ्यास अधिक मोलाचा आहे. ४८ विद्यार्थ्यांपैकी काहींनी परीक्षकासमोर बोलत, तर काहींनी बंद खोलीत एकट्याने प्रश्न सोडवला. फळा दोघांकडेही होता, तरी परीक्षकासमोरच्यांची कामगिरी निम्म्याहून अधिक घसरली. नमुना लहान आहे. पण दोष फळ्याचा नसून रोखलेल्या नजरेचा आहे, असे यातून सूचित होते. चांगला अभियंता केवळ घाबरल्यामुळे गळत असेल, तर ते नुकसान कंपनीचेही आहे.

भारतात : कॅम्पस मुलाखतींत अ‍ॅप्टिट्यूड, कोडिंग, टेक्निकल आणि एचआर असा क्रम रूढ आहे. अ‍ॅप्टिट्यूडमधील अंकमालिका आयबीएमच्या जुन्या चाचणीची आठवण करून देतात. तयारीला 'डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम्स, म्हणजे माहितीची मांडणी आणि प्रश्न सोडवण्याच्या रीती) करणे' म्हणतात. हिंजवडीतील नोकरी बदलू पाहणारे अनुभवी अभियंतेही त्यासाठी पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यास पुन्हा काढतात.