मोह कुणाच्या डोळ्यांनी पाहायचा?

ठाण्याची तलावपाळी, संध्याकाळी सातची गर्दी. वागळे इस्टेटमधल्या एकाच ऑफिसातले, पस्तिशी गाठलेले दोघं कणीस खात कठड्याला टेकून उभे आहेत. तिच्या हनुवटीला तिखट-मीठ लागलंय. ते पुसायला तो हात पुढे करतो आणि मध्येच थांबतो.

शृंगारकथेत हा क्षण कुणाच्या आतून सांगायचा? त्याच्या आतून सांगितला तर वाचकाला एवढंच वाटत राहतं, की ही रागावेल का? तिच्या आतून सांगितला तर प्रश्न बदलतो: मी मागे सरकत का नाहीये? घटना तीच, पण खरी गंमत मला दुसऱ्या प्रश्नात दिसते. आणि ही नुसती आवडीनिवडीची बाब नसावी.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. एखादी खूण दिसली की फळाचा रस मिळतो हे माकडाला कळलं, की त्याच्या मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी रसाला नव्हे, खुणेलाच प्रतिसाद देऊ लागतात. २००३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असेल, तेव्हा वाट पाहण्याच्या काळात या पेशींची हालचाल हळूहळू चढत जाते आणि सर्वांत जास्त असते. माकडाच्या रसावरून माणसाच्या प्रणयावर उडी मारणं धाडसाचंच. पण २०११च्या एका अमेरिकी प्रयोगात कॉलेजच्या मुलींना सांगण्यात आलं, की काही मुलांनी तुमचं फेसबुक प्रोफाइल पाहिलंय. एका गटाला कळलं की त्यांना तुम्ही खूप आवडलात, दुसऱ्याला कळलं की साधारणच आवडलात, तिसऱ्याला म्हटलं, यांपैकी काहीही असू शकेल. मुलांकडे सर्वांत जास्त ओढल्या गेल्या त्या तिसऱ्या गटातल्या मुली.

अनिश्चितता गोड असते, हे मान्य. पण ती ठेवायची कुठे, हे दृष्टिकोन ठरवतो. मोहात पाडणाऱ्याच्या डोक्यात बसलो तर समोरच्याचं मन बंद असतं. मोहात पडणाऱ्याच्या डोक्यात बसलो तर इच्छा दिसते, फक्त निर्णय दिसत नाही. फरक मोठा आहे. लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या किन्से इन्स्टिट्यूटशी संबंधित जॉन बॅनक्रॉफ्ट आणि एरिक जॅन्सन यांच्या मांडणीनुसार कामोत्तेजनेच्या दोन यंत्रणा असतात, एक अ‍ॅक्सिलरेटरसारखी, दुसरी ब्रेकसारखी. धोका, लाज, जबरदस्तीची शंका यांनी ब्रेक लागतो. तिची इच्छा दिसत नसेल, तर त्याचं तेच आर्जव वाचताना पिच्छा पुरवणं वाटू लागतं. (आपल्या सिनेमांनी कॅमेरा वर्षानुवर्षं नायकाच्या मागे ठेवला आणि ‘नाही म्हणजे हो’ची सवय लावली, ती यातलीच.) ती आतून ‘हो’कडे झुकलेली दिसली की ब्रेक सुटतो आणि रेंगाळणं सुखाचं होतं.

मग बाहेरून सांगितलेली कथा निकामी का? मुळीच नाही. सातवाहन राजा हालाच्या नावावरच्या गाथासप्तशतीत एक वाटसरू पाणपोईवर ओंजळीने पाणी पितोय. नजर वर, पाणी वाढणारीकडे. बोटं मुद्दाम विरळ, म्हणजे पाणी गळत राहावं. आणि ती धार आणखी बारीक करते. कवी कुणाच्याही मनात शिरत नाही, तरी दोघांची संमती पाण्याच्या धारेत उघड दिसते. शृंगार लिहिणाऱ्याने ही गाथा पाठच करावी.

‘मी’ लिहिलं की वाचक आपोआप आत शिरतो, हा समजही तपासून पाहावा असा आहे. मानसशास्त्रज्ञ टॅड ब्रुन्ये आणि सहकाऱ्यांनी २००९ साली इंग्रजी वाचकांना ‘मी टोमॅटो चिरतोय’ अशा धर्तीची वाक्यं देऊन चित्रं दाखवली. नुसतं वाक्य असताना ‘मी’ आणि ‘तू’ वाचणाऱ्यांनी प्रसंग करणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिला. पण आधी ‘मी तीस वर्षांचा, अमुक दुकानात कामाला’ अशी ओळख जोडली, की ‘मी’ वाचणारे बाहेर उभे राहून पाहू लागले. ‘तू’ वाचणारे मात्र आतच राहिले. म्हणजे ‘मी’चा बायोडेटा जितका भरगच्च, तितका तो ‘मी’ परका होण्याची शक्यता जास्त.

मराठीत ही अडचण लवकर येते, कारण आपलं क्रियापदच ओळख सांगून टाकतं. ‘मी थांबले’ म्हटलं की बाई, ‘मी थांबलो’ म्हटलं की पुरुष. ‘तू’नेही सुटका नाही, ‘थांबलीस’ आणि ‘थांबलास’ आहेतच. वाचक कुणीही असो, त्याला आत घ्यायचं तर लेखकाला चोरवाटा शोधाव्या लागतात. ‘मी त्या हाताकडे पाहिलं’, ‘मी उत्तर दिलं नाही’ यांत लिंग कळत नाही. भविष्यकाळातही कळत नाही: ‘मी थांबेन’. निर्णय अजून व्हायचाय, तो हात हवेतच आहे, अशा वेळी हाच काळ सोयीचा पडतो.